रूळ उचललेली वाट

सौदीतल्या हुफूफला थंडी आधी नळाच्या पाण्यात येते. गच्चीवरच्या टाकीतलं जे पाणी उन्हाळाभर हाताला सोसत नाही, तेच डिसेंबरातल्या एखाद्या सकाळी एकदम गार लागतं. मग दोन-चार दिवसांत धुकं येतं. खजुराच्या बागांमधून उठून ते रस्त्यावर येऊन बसतं आणि आठ वाजेपर्यंत हलत नाही. यंदाही तसंच झालं. बाल्कनीतली सायकल मी ओल्या फडक्याने पुसली, चाकांत हवा भरली आणि शुक्रवारी सकाळी सिक्क्यावर गेले.

सिक्का म्हणजे इथल्या भाषेत रेल्वेची लाईन. पूर्वी इथून मालगाड्या जात. पुढे नवी लाईन गावाबाहेरून टाकली, इथले रूळ उचलून नेले आणि उरलेल्या भरावावर डांबर घालून पंचवीसेक किलोमीटरचा सायकलचा रस्ता केला. रूळ गेले, नाव राहिलं. कडेच्या वाळूत पाय घातला तर अजून जुनी खडी लागते, तेल पिऊन काळी झालेली. रेल्वेला चढ सोसत नाही, त्यामुळे वाट तळहातासारखी सपाट आहे. वळणंही इतकी लांबलचक, की आपण वळतोय हे कळतच नाही. उजव्या खांद्यावरचं ऊन कधीतरी डाव्या खांद्यावर आलेलं असतं, तेव्हा कळतं.

लोक इथे व्यायामाला येतात. मी पहिल्यांदा आले ती माझ्या मुलीचा पाठलाग करायला.

मुक्ताच्या बारावीचं वर्ष होतं ते. शाळेने तयारीसाठी सुट्टी दिली होती आणि ती दिवसभर घरी असायची. माझा नवरा विनय जुबैलला एका कंत्राटदाराकडे इन्स्ट्रुमेंट इंजिनिअर होता. आठवडाभर तिकडेच राहायचा, गुरुवारी संध्याकाळी घरी यायचा आणि शनिवारी परत जायचा. मी इथल्या सरकारी इस्पितळाच्या लॅबमध्ये रक्त तपासते. नळीवरचं नाव आणि कागदावरचं नाव जुळलं, तरी मी आणखी एकदा बघते. वीस वर्षं हेच करत आल्यामुळे माझी नजर तशी झाली आहे. घरी आले म्हणून ती नजर काढून खुंटीला लावता येत नाही.

जानेवारीच्या मध्यापासून मुक्ता रोज चार वाजता सायकल घेऊन बाहेर पडायला लागली. बसून बसून पाठ आखडते, म्हणाली. तिसऱ्या किलोमीटरवर एक बाक आहे, तिथपर्यंत जाते आणि परत येते. मी आधी खूश झाले, कारण ही मुलगी लिफ्ट बंद असेल तर खालच्या दुकानातही जायची नाही. मग मी हिशेब केला. तीन किलोमीटर जायला आणि तीन यायला अर्धा तास पुरतो. ही सहा-साडेसहापर्यंत उगवायची नाही.

विचारलं की उत्तर ठरलेलं असायचं. "मम्मी प्लीज, इट्स जस्ट सायकलिंग." तिचं सगळं बोलणं इंग्रजीत, नाहीतर हिंदीत. मराठी तिला समजायची, पण बोलायचं काम तिने माझ्यावर सोडून दिलं होतं.

मग मला एकेक गोष्ट दिसायला लागली. ती जाताना डबा न्यायची. मैत्रिणीला पोहे आवडतात, भेंडीची भाजी आवडते. डबा भरून जायचा आणि धुऊन पुसून परत यायचा. सतरा वर्षांत या मुलीने चहाचा कप विसळलेला मी पाहिला नव्हता. मग डबा कोण धुतं? फोन ती उलटा ठेवायला लागली होती. एकदा तिच्या बाहीवर काळा डाग दिसला. ती अंघोळीला गेल्यावर मी बाही नाकाशी नेली. यंत्राच्या तेलाचा वास होता.

आणि एक दिवस तिच्या फिजिक्सच्या वहीत मला परकं अक्षर सापडलं. पेन्सिलने काढलेल्या सर्किटच्या आकृत्या, बाजूला बारीक, उजवीकडे झुकलेलं लिखाण. अक्षर मुलीचं नव्हतं, याची मला खात्री होती. मी वही खिडकीपाशी नेली आणि उजेडात धरून पान न् पान बघितलं. कोण असेल हा, कॉलेजातला असेल की नोकरीतला, भारतीय असेल का, याच्या घरी माहीत असेल का. विनयला फोनवर सांगावं असं दोनदा मनात आलं. पण तो अलीकडे थकल्यासारखा बोलायचा, गुरुवारी यायचा तेव्हा रापलेला आणि वाळलेला दिसायचा. शटडाऊनचं, म्हणजे कारखाना बंद ठेवून दुरुस्तीचं काम आहे, उन्हात उभं राहावं लागतं, असं त्याने सांगितलं होतं. ते मी तसंच्या तसं मानलं. माझ्या संशयाला एकच दिशा होती आणि त्या दिशेला विनय नव्हता.

फेब्रुवारीतल्या एका मंगळवारी मी अर्ध्या दिवसाची रजा टाकली आणि लॅबमधल्या मारिसेल नावाच्या फिलिपिनो मैत्रिणीची सायकल मागून घेतली. व्यायाम सुरू करतेय, असं तिला सांगितलं. तिला आनंद झाला. तिने मला स्वतःचं हेल्मेटही दिलं आणि सीट खाली करून दिली. ते सगळं घेताना मला माझीच लाज वाटली, पण घेतलं.

सायकल मी इस्लामपूरला शाळेत असताना चालवायचे, उसाच्या शेतांमधून. तीस वर्षांनी पहिली दोनशे पावलं हँडल हातात ठरेना. मग पायांना आठवलं. पुढे लांबवर मुक्ताचं पिवळं हेल्मेट दिसत होतं. मी मधे सात-आठ सायकलस्वारांचं अंतर ठेवलं. त्या दिवसांत खजुरांवर परागण चाललेलं असतं. माणसं दोर कमरेला बांधून झाडावर चढतात आणि नर फुलांचे तुरे मादी फुलांत बांधतात. हवेत पिठासारखा, ओल्या कणकेसारखा वास असतो. त्या वासातून मी चोरासारखी चालले होते. बाकावरच्या बायका माझ्याकडे बघताहेत, प्रत्येक येणाऱ्या माणसाला मी कुठे चाललेय ते ठाऊक आहे, असं सारखं वाटत होतं. एक तरुण मुलगा समोरून आला तर मी त्याचा चेहरा लक्षात ठेवला. आणखी एक आला, त्याचाही ठेवला.

तिसऱ्या किलोमीटरचं बाक आलं. मुक्ता थांबली नाही. पाचवा गेला, सातवा गेला. माझ्या मांड्या पेटल्या होत्या आणि मनात एकच वाक्य फिरत होतं, बघ, मी म्हणत नव्हते का.

नवव्या किलोमीटरला जुनं स्टेशन लागतं. त्याचा फलाट तसाच ठेवलाय. त्यावर सायकली भाड्याने देणारं आणि दुरुस्त करणारं एक दुकान आहे, बाहेर चार खुर्च्या आणि चहाची किटली. दुकान चालवतात हमीदभाई. हे श्रीवर्धनचे, विनयचे जुने ओळखीचे. ईदला आमच्याकडे त्यांच्या घरून शेवया येतात. मुक्ता तिथे उतरली. मी अलीकडेच थांबले आणि झाऊच्या झुडपांमागे सायकल आडवी टाकली.

एक माणूस पाठमोरा बसून उलट्या सायकलचं चाक फिरवून बघत होता. मुक्ता त्याच्या शेजारच्या खुर्चीवर बसली. तिने पिशवीतून वही काढली, डबा काढला. त्या माणसाने हात पुढे केले आणि तिने बाटलीतून त्याच्या हातांवर पाणी ओतलं. हात धुऊन झाल्यावर त्याने ते पँटच्या मागे पुसले, आधी डावा, मग उजवा. हे असे हात पुसू नकोस म्हणून मी लग्न झाल्यापासून एकाच माणसाला सांगत आलेय.

तो या वेळी जुबैलला असायला हवा होता.

खरं सांगायचं तर पहिला क्षण सुटल्यासारखा गेला. मुलगा नव्हता, बाप होता. दुसऱ्या क्षणी वही आठवली. ते अक्षर विनयचं होतं. लग्नाआधी त्या अक्षरातली पत्रं मी पुस्तकात लपवून वाचली होती, आणि खिडकीपाशी उजेडात धरूनही मला ते ओळखता आलं नव्हतं. वर्षानुवर्षं तो फोनवर टाईप करतो आणि मी वाचते. तिसऱ्या क्षणापासून मात्र नवा संशय सुरू झाला. हा इथे कधीपासून आहे? रोज संध्याकाळी फोनवर जुबैलचं जेवण, जुबैलची हवा सांगतो, ते काय आहे? आणि हे खोटं असेल तर आणखी काय काय खोटं आहे?

मी परत फिरले. वारा समोरून होता आणि घर येता येईना.

त्या आठवड्यात मी घरी काहीच बोलले नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी विनय सामान आणायला बाजारात जातो, हे मी बाहेर लांब उभी राहून पाहून घेतलं, आणि मग फलाटावर गेले. हमीदभाईंनी मला बघितलं आणि हातातला पाना खाली ठेवला. त्यांनी काही नाकारलं नाही. विनयचं काम नोव्हेंबरातच संपलं होतं. कंत्राट खलास झालं आणि त्यांचं अख्खं युनिट कमी केलं. इकामा, म्हणजे इथे राहायचा परवाना, एप्रिलपर्यंत होता. तोवर नवा कफील, म्हणजे परवान्याची हमी घेणारा मालक, मिळाला तर राहता येणार, नाहीतर फायनल एक्झिट, कायमचं परत. सकाळी तो अर्ज करायचा, कुणाकुणाला भेटायला दम्मामला जायचा आणि उरलेला वेळ दुकानात बसायचा. मागची खोली हमीदभाईंनी त्याला झोपायला दिली होती. पगार घेत नव्हता, पण रिकामं बसवत नव्हतं म्हणून सायकली दुरुस्त करायचा. आपला कफील नसलेल्या माणसाच्या दुकानात असं कामाला हात लावणं इथे चालत नाही. कुणी इकामा तपासला असता तर विनय आणि हमीदभाई दोघंही अडकले असते. आणि मुक्ता? तिची सायकल जानेवारीत फलाटाच्या थोडं अलीकडे पंक्चर झाली, ती ढकलत फलाटापर्यंत आली, आणि तिचं पंक्चर काढायला बापच बाहेर आला.

मी विचारलं, मला का नाही सांगितलं?

हमीदभाईंनी किटलीतून माझ्यासाठी चहा ओतला. मग म्हणाले, "वहिनी, राग धरू नका. तो म्हनतो, तिला सांगितलं तर ती पहिलं इचारील, तू काय केलंस?"

 हे मी खरोखरच विचारलं होतं. आठ वर्षांपूर्वी त्याची आधीची नोकरी गेली तेव्हा तो दारात उभा होता, पायांतले बूटही काढले नव्हते, आणि मी विचारलं होतं, तू काय केलंस? मला ते कधीच विसरायला झालं होतं. त्याला झालं नव्हतं.

मी हमीदभाईंना एवढंच सांगितलं की मी आले होते हे कुणाला कळू देऊ नका. मुक्ताची परीक्षा होईपर्यंत आपल्याला काही माहीत नाही, असं मी ठरवलं. तेव्हा ते मला मोठं शहाणपणाचं वाटलं होतं. आता वाटतं, मीही त्या दोघांसारखीच वागले. घरात लपवणारे दोन होते, ते तीन झाले.

पुढचे तीन आठवडे विचित्र गेले. विनयचा संध्याकाळी फोन यायचा आणि तो जुबैलच्या वाऱ्याबद्दल सांगायचा. मी खिडकीबाहेर बघायचे. तोच वारा आमच्या खिडकीवर वाळू मारत असायचा. मी म्हणायचे, इकडेही आहे वारा. गुरुवारी तो यायचा, मी त्याच्या नखांकडे बघायचे नाही. खोटं बोलणं इतकं सोपं असतं हे मला माहीत नव्हतं. मुक्ताच्या डब्यात मी दोनाऐवजी चार पोळ्या ठेवायला लागले, वर तूप. एकदा तिने झाकण उघडून बघितलं आणि विचारलं, इतनी सारी क्यों? मी म्हटलं, सायकल चालवून भूक लागते. तिने डबा बंद केला आणि माझ्याकडे नीट, खालपासून वरपर्यंत पाहिलं. ती नजर माझीच होती. 

मार्चमध्ये पेपर सुरू झाले. गणिताच्या पेपराला दोन दिवस होते. मी लॅबमध्ये होते आणि मारिसेलची सुट्टी होती, ती सिक्क्यावर फिरायला गेली होती. दुपारी तिचा फोन आला. वाटेच्या सुरुवातीपासून सरकारी माणसं दुकानं तपासताहेत, म्हणाली, एकेका माणसाचा इकामा बघताहेत, तू आज येणार असशील आणि इकामा घरी असेल तर येऊ नकोस. मी तिला बरं म्हटलं. हातातली नळी रॅकमध्ये ठेवली, हातमोजे काढले, जिन्यात गेले आणि विनयला फोन लावला.

"विनय, फलाटावरून नीघ. तपासणी चाललीय, इकामे बघतायत."

पलीकडे हवा भरायच्या पंपाचा आवाज येत होता. तो थांबला. कुठला फलाट, तुला कोणी सांगितलं, यातलं काहीच त्याने विचारलं नाही.

"बरं," एवढंच म्हणाला.

माझी पाळी संपायला दोन तास होते. त्या दोन तासांत मी प्रत्येक नाव चार-चार वेळा तपासलं. घरी आले तर तो स्वयंपाकघरात बसला होता. भांडी घासायच्या साबणाने त्याने हात धुतले होते, तरी नखांच्या कडा काळ्याच होत्या. वाटेत त्याला कुणी अडवलं नव्हतं. तो सायकलवरून सरळ तपासणीच्या गाड्यांच्या शेजारून आला होता, हेल्मेट घालून, व्यायामाला निघालेल्या माणसासारखा. हमीदभाईंचे कागद चोख होते, त्यांना काही झालं नाही. मुक्ता त्याच्या खुर्चीला धरून उभी होती. मी तोंड उघडायच्या आधीच म्हणाली, "मम्मी, डोंट शाऊट."

मी ओरडणार नव्हते. पण तिला तसं वाटावं असं मी आजवर काय केलं होतं, हे मला त्या दारात उभं राहून दिसलं.

काय झालं, कसं झालं, हे सगळे प्रश्न जिभेवर तयार होते. मी पर्स टेबलावर ठेवली आणि विचारलं, "इकामा नक्की कधी संपतो?"

"एप्रिलच्या शेवटी," तो म्हणाला. आणि थोड्या वेळाने, कुणी न विचारता, "मी काही केलं नव्हतं गं."

"माहीत आहे," मी म्हटलं.

ते खरं नव्हतं. मला माहीत नव्हतं, मी फक्त तसं म्हणायचं ठरवलं होतं. पुढच्या महिन्यात मी त्याच्या एका जुन्या सहकाऱ्याच्या बायकोला, लोणच्याची पद्धत विचारायच्या निमित्ताने फोन केला आणि बोलता बोलता खात्री करून घेतली. अख्खं युनिट खरोखरच गेलं होतं. हा फोन मी विनयला अजून सांगितलेला नाही. लिहून टाकलं म्हणजे तो वाचेल, हे आता लिहिताना लक्षात येतंय. वाचू दे.

नवा कफील मिळाला नाही. मुक्ताचे पेपर संपले आणि पाठोपाठ विनय गेला. निकालानंतर तीही गेली. मुक्ता पुण्याला इंजिनिअरिंग करते. विनय रत्नागिरीला एका आयटीआयमध्ये शिकवतो आणि मुलं त्याला घाबरत नाहीत म्हणून तक्रार करतो. विनय जायच्या आधी, शेवटच्या शुक्रवारी आम्ही तिघं मिळून सिक्क्यावर गेलो होतो. खजूर धरायला लागला होता, घोसांवर हिरवे बोराएवढे दाणे होते. ऊन सातलाच चढलं. मुक्ता पुढे, विनय मधे, मी मागे.  मागून जाताना माझ्या लक्षात आलं की मी अजूनही अंतर मोजतेय, आणि मग मी जोरात पाय मारून त्यांना गाठलं.

त्यानंतरचा हा तिसरा हिवाळा. मी हल्ली कुणाच्याही मागावर नसते, तरी सवय जात नाही. बाकावर एकटा बसलेला माणूस दिसला की हा कामाच्या दिवशी इथे काय करतोय, हे डोक्यात येतंच. पण त्याच्यापुढचा प्रश्न आता वेगळा येतो, याला घरी कुणी विचारणारं आहे का, आणि विचारलं तर हा सांगू शकेल का.

परवाच्या शुक्रवारी मी सहाव्या किलोमीटरवर दम खायला थांबले. धुकं उतरत होतं. मुक्ताचा फोन आला. पुण्यात राहून तिचं मराठी सुधारलंय, आता ती माझ्याशी मराठीतच बोलते. मेस, सबमिशन, मैत्रिणीचं लग्न, असं सगळं सांगून झालं. मग तिने एकदम विचारलं.

"मम्मी, तू काय लपवतेयस?"

काही नाही, मी म्हटलं. पण ती पोरगी माझी आहे. गेले तीन आठवडे मी फोनवर इस्पितळाचं नाव काढलेलं नाही, रजेचं विचारलं तर विषय बदलते, हे सगळं तिने ओळीने मांडून दाखवलं. ती बरोबर होती. तीन आठवड्यांपूर्वी मला ऑफिसात बोलावून सांगितलं होतं की माझं कॉन्ट्रॅक्ट मार्चनंतर वाढणार नाही. लॅबमधल्या आणखी चौघींचंही. मुक्ताची सेमिस्टर परीक्षा आहे, विनयला उगाच घोर नको, एकदा सगळं मार्गी लागलं की सांगू, असं म्हणत मी रोज कामावर जात होते. आणि विनयने समजा विचारलंच, तू काय केलंस, तर काय सांगायचं, याचीही तयारी मनात चालू होती.

 तिने फोन ठेवला नाही. मग हळू आवाजात म्हणाली, "सांग ना. मी बाबांना नाही सांगणार. प्रॉमिस."

सतराव्या वर्षी तिने हेच बापाला म्हटलं असणार, त्या फलाटावर, आणि मग दोन महिने ते ओझं घेऊन फिजिक्स केलं असणार.

"नको," मी म्हटलं. "बाबांनाही फोनवर घे."

तिने घेतलं. रत्नागिरीचा फोन वाजत राहिला, आणि पहिलं वाक्य कोणतं बोलायचं ते मी सायकलचं हँडल घट्ट धरून ठरवत राहिले.